चपलेवरची काच

“पण ताई, खरा रंग कुठल्या फिल्टरनं येतो?”

मंदाताईंनी चवळीची शेंग मोडली. कट्.

“कुणाचा?”

“म्हणजे… निसर्गाचा.”

“निसर्गाचा,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची शेंग घेतली.

प्रश्न विचारणारा माझा नवरा, शार्दूल. आमचं लग्न ज्येष्ठातलं. हिरवा चुडा उतरून फार दिवस झाले नव्हते. आमच्याबरोबर लग्न झालेली जोडपी मुन्नारला गेली. आम्ही पाऊस संपायची वाट पाहिली आणि आंबोलीला आलो, आणि तिथूनही पुढं, चौकुळच्या वाटेवरच्या या कौलारू घरात. कारण इथं मंदाकिनीताई तेंडोलकर राहतात.

ताईंनी आयुष्यभर सड्यांचे फोटो काढले. सडा म्हणजे घाटमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर्षातला बराच काळ करपलेलं, पावसानंतर थोडे दिवस गवताफुलांचं. त्यांनी काढलेला धबधब्याचा एक फोटो शार्दूलच्या खोलीत आहे. आता ती आमची खोली आहे. पण फोटो माझ्या आधीचा, म्हणून मान त्याचा जास्त.

या थंडीत ताई सड्यांचं शेवटचं पुस्तक करणार होत्या. बरोबर त्यांना एक जण हवा होता. कॅमेऱ्याची तिवई उचलायला म्हणा, शिकायला म्हणा. त्या दोन्हींत फरक करत नसत. बरेच जण येऊन गेले होते. प्रत्येकाबरोबर ताई एक संध्याकाळ सड्यावर जात, मग त्याला चहा पाजून वाटेला लावत.

आजची संध्याकाळ शार्दूलची होती.

आपण ताईंकडे शिकणार, हे त्याने रिसेप्शनलाच अर्ध्या हॉलला सांगून टाकलं होतं. माझ्या बाबांना तर दोनदा.

मला काळजी वेगळीच होती. या माणसाला कुणी ‘नाही’ म्हटलेलं मी अजून पाहिलं नव्हतं. तो ते कसं घेतो, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

“दाखव तरी,” ताई म्हणाल्या. “काय काय काचा आणल्यास?”

शार्दूलने बॅग उघडली. चेनीत अडकलेली झेंडूची एक पाकळी ओसरीवर पडली. दसऱ्याला त्याने कॅमेऱ्याची पूजा केली होती, लेन्सच्या झाकणावर कुंकवाचा ठिपका अजून होता. त्याने फ्लॅनेलचा तुकडा पसरला, झाकण काढून कॅमेरा त्यावर ठेवला आणि एकेका डबीतून एकेक फिल्टर काढून शेजारी मांडला. माझ्या दागिन्यांना इतक्या डब्या नाहीत.

“ही? लेन्सवरची?”

“ही यूव्ही. साधीच. लेन्सला ओरखडा उठू नये म्हणून. कायम लावलेली असते.”

“काढतोस कधी?”

“नाही… तशी गरज पडत नाही.”

“मग ती आहे हे तुला कळतं कसं?”

मी गळ्यातल्या वाट्या उगाच सरळ केल्या.

“आणि ही? अर्धवट काळी?”

“ग्रॅज्युएटेड. वरती काळी, खाली स्वच्छ. संध्याकाळी आकाश फार उजळ असतं ना, आणि जमीन अंधारी. ही लावली की आकाश आवरतं.”

“आणि मध्येच डोंगर आला तर?”

“तर मग… डोंगराचं डोकंही थोडं काळवंडतं.”

“त्याचं काय चुकलं?”

शार्दूल हसला. ताई हसल्या नाहीत. शेंगा मोडत राहिल्या.

“ही पोलरायझर,” तो आपणहून पुढं सरकला. “हिची कडी फिरती असते. फिरवली की चकाकी जाते. पाण्यावरची, ओल्या पानांवरची. आकाश गर्द निळं होतं.”

“चकाकी कुठं जाते?”

“जात नाही तशी. फक्त… आपल्यापर्यंत येत नाही.”

“हं.”

शेवटची काच त्याने दोन्ही हातांनी दिली, प्रसाद द्यावा तशी. ती पूर्ण काळी होती.

“ही खास मागवलीय. उजेड इतका कमी करते की भर दिवसा शटर मिनिट-मिनिट उघडं ठेवता येतं. पाणी रेशमासारखं होतं. ढग वाहिल्यासारखे येतात.”

ताईंनी ती डोळ्याला लावली, अंगणाकडे पाहिलं आणि माझ्याकडे दिली.

“बघ गं.”

मी पाहिलं. काहीच नव्हतं. मग हळूहळू अंगणात एक गाय दिसायला लागली. किंवा गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी. काच काढली तेव्हा तिथं दोन्ही होतं.

“यातली एखादी काही देते का रे?” ताईंनी विचारलं.

“म्हणजे?”

“एकीनं आकाशाचा उजेड घेतला. एकीनं चकाकी घेतली. हिनं तर जे हलेल ते सगळंच घेतलं. देते कोण?”

शार्दूल जरा ताठ बसला. हा ताठपणा मला आता ओळखू येतो. दुकानदाराशी भाव करताना येतो तो नव्हे. वाद जिंकायची तयारी करताना येतो तो.

“ताई, म्हणून तर मी पहिला प्रश्न विचारला. बाकीचे लोक घरी जाऊन कॉम्प्युटरवर रंग चढवतात. मी नाही चढवत. मी जे करतो ते जागेवर, काचेतून. शुद्ध.”

शुद्ध हा शब्द त्याने तुपाबद्दल बोलावं तसा उच्चारला.

ताईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. हात पुसले. मग उजव्या हाताने उजवा डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

“ही भिंत लिंबाच्या सालीसारखी आहे.”

हात काढला. डावा डोळा झाकला.

“आता ही भिंत निळीत बुडवून काढलेल्या धोतरासारखी आहे.”

पुन्हा उजवा. पुन्हा डावा. लहान मुलं करतात तसं.

“या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, श्रावणात. त्याचा राहिलाय अजून. हा डोळा उघडला तेव्हा मला कळलं की कित्येक वर्षं मी पिवळी काच लावून फोटो काढत होते. छापतानाही तीच काच. कुणी बोललं नाही. उलट लोक म्हणायचे, मंदाताईंच्या फोटोत काय ऊब आहे.”

मला हसू आलं. शार्दूलला आलं नाही. त्या उबेवर त्याने एकदा मोठा लेख लिहिला होता.

“आता तू सांग. पुस्तकाचे फोटो कुठल्या डोळ्यानं काढू?”

“अर्थात नव्या,” तो लगेच म्हणाला. “ऑपरेशन झालेल्या. खरा रंग त्यालाच दिसणार.”

“त्यात प्लास्टिकचं भिंग बसवलंय.”

शार्दूलने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

“दुसरं काही सुचतंय का बघ. घाई नाही.”

मला फार उत्सुकता होती, तो काय म्हणेल याची. खरं तर मी स्वतःच एक डोळा झाकून पाहिला. माझी भिंत तशीच राहिली. पण मग वाटलं, मला तरी कुठं कळणार.

शार्दूल गप्प बसणाऱ्यातला नव्हे. त्याने ओसरीवरच्या आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं.

“मग हा? हा तर तुम्ही काळी काच लावूनच काढलाय ना, ताई?”

तिथं तोच फोटो होता. आमच्या खोलीतला. धबधबा, दुधाच्या धारेसारखा, खाली धुकं झालेलं पाणी, कोपऱ्यात एक काळसर दगड. ज्याच्यामुळे ताईंचं नाव झालं तो.

“हो. तिच्यातूनच काढलाय.”

“मग?”

“तिथं बायका कपडे धूत होत्या.”

शार्दूल फोटोकडे बघत राहिला. मी उठून जवळ गेले.

“कुठं?”

“पाण्याच्या कडेला, सगळीकडे. आपटत होत्या, पिळत होत्या, बोलत होत्या. हलणारं माणूस या काचेत टिकत नाही. शटर मिटलं तेव्हा त्या होत्याच, आणि फोटोत कुणी नाही.” ताईंनी जरा आठवल्यासारखं केलं. “एक आलीय. भागी. तिची कंबर धरली होती, म्हणून ती बसून होती. कोपऱ्यात बघ.”

कोपऱ्यात तो काळसर दगड होता. मी आणखी जवळ गेले. दगडाला पदर होता.

शार्दूलने हा फोटो कॉलेजपासून रोज पाहिलेला. त्याने माझ्या खांद्यावरून पुन्हा पाहिला आणि बराच वेळ पाहिला.

“मग ती काच लावायला नको होती,” तो शेवटी म्हणाला.

“लावायलाच हवी होती. पाणी तसंच होतं.”

“आणि बायका?”

“बायकापण तशाच होत्या.”

ताई उठल्या. सूप आत नेऊन ठेवलं, बाहेर आल्या, पायात रबरी चपला सरकवल्या.

“चला. ऊन उतरायला लागलंय.”

…

सड्यावर जायला घरामागून वाट होती. ताई पुढं. अंगात पुरुषी ढगळ शर्ट, डोक्याला रुमाल. मागून शार्दूल, बॅग आणि तिवई घेऊन. शेवटी मी, पाण्याची बाटली घेऊन. नव्या नवरीला उचलायला एवढंच देतात.

वर पोचलो आणि झाडं संपली. एकदम संपली, कुणी दार उघडावं तशी. समोर नुसता काळा-तांबडा दगड, त्याच्या भेगांत गुडघाभर गवत, आणि लांबवर दरीची कड. पावसाचं पाणी खळग्यांत अजून साचलेलं होतं. एका मोठ्या डबक्यात सगळं आकाश पडलेलं होतं, ढगांसकट.

शार्दूलने ते डबकं बरोबर हेरलं. हे मी कौतुकाने लिहिते आहे. त्याला जागा कळते. तो कडेला गुडघ्यांवर बसला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, तिवई अगदी खाली लावली, आणि त्याचे हात भराभर चालायला लागले. पोलरायझर फिरवून बसवली. तिच्या कडीवर काळी काच आट्यांत घालून घट्ट आवळली. चांगली घट्ट, पडू नये म्हणून.

ताई एका उंचवट्यावर बसल्या होत्या. मला शेजारी जागा केली.

शटर उघडलं. आम्ही तिघंही श्वास धरल्यासारखे थांबलो. शटर मिटलं. शार्दूलने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि तो पडदा अभिमानाने ताईंकडे वळवला.

आकाश गर्द निळं, ढग ओढलेल्या कापसासारखे. खाली डबक्याचा तळ स्पष्ट. शेवाळ, खडे, एक मेलेला खेकडा.

“छान,” ताई म्हणाल्या. “पाण्यातले ढग कुठं गेले?”

शार्दूलने पडद्याकडे पाहिलं. मग डबक्याकडे. ढग डबक्यात होते.

“पोलरायझर,” तो पुटपुटला. “चकाकीबरोबर गेले. आकाशाच्या नादात मी… थांबा. थोडी फिरवली की येतील परत.”

“फिरव.”

त्याने फिरवली. डोळा लावला. काही दिसेना, वर काळी काच होती. कडी किती फिरली हे बघायचं तर आधी काळी काच उतरवायला हवी. त्याने ती पकडून उलटी फिरवली.

फिरली. पण पोलरायझरची कडीच मुळात फिरती, त्यामुळे दोन्ही काचा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून एकत्र फिरायला लागल्या. वरची सुटेना. त्याने खालची कडी चिमटीत धरली, वरची आवळली आणि जोर लावला.

“एक मिनिट हं,” तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून हे शब्द मी बरेच ऐकले आहेत.

सूर्य दरीच्या कडेला टेकायला आला होता. शार्दूलने लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवून मांडीवर घेतली. रुमाल गुंडाळून फिरवून पाहिलं. शर्टाच्या टोकाने फिरवून पाहिलं. मनगटाच्या शिरा वर आल्या.

“आवळू नकोस,” ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “जोर लावलास की कडी लांबट होते. लांबट कडी गोल आट्यांत फिरत नाही.”

“पण नुसतं धरून सुटणार कसं?”

“सुटेल.”

ताई उठून त्याच्याजवळ गेल्या. एका पायातली चप्पल काढली, शर्टाला पुसली आणि उलटी करून त्याच्यासमोर दगडावर ठेवली.

“खालच्या दोन्ही कड्या, स्थिर आणि फिरती, बोटांत नुसत्या धर. दाबायच्या नाहीत. वरची काच या रबरावर सपाट टेकव. आणि फिरव. रबर धरतं तिला, सगळीकडून सारखं.”

शार्दूल चपलेकडे बघत राहिला.

मला त्याचं समजत होतं. आमच्या घरी वहीला पाय लागला तरी नमस्कार करतात. या काचेला त्याने झेंडू वाहिला होता. सकाळी घरातून निघताना कॅमेरा कपाळाला लावताना मी त्याला पाहिलं होतं. मी पाहिलं म्हणून तो लाजला होता.

“ताई, चपलेच्या तळव्यावर…?”

“माझ्या पायाशी बसायला आलायस ना तू? मग पायातलीनं काय घोडं मारलं?”

“तसं नाही. ओरखडा उठला तर काचेवर…”

“बरं,” ताई म्हणाल्या. चप्पल तिथंच राहू दिली आणि एक पाय अनवाणी तशाच परत येऊन माझ्याशेजारी बसल्या.

शार्दूलने पुन्हा रुमाल घेतला.

तेवढ्यात ते सुरू झालं.

ते काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. ढगांच्या पोटाखालून उजेड आत शिरला. गवत आधी तांब्याचं झालं. मग तांबं विझलं आणि दगड पेटला. इतका वेळ नुसता काळा वाटणारा दगड आतून तापवल्यासारखा लाल. डबक्यात एक फट उघडली आणि तिच्यातून केशरी रंग खाली, खोल गेला. कुठून तरी टिटवी ओरडली. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन सड्याच्या कडेने चालत आली, तिची सावली आमच्यापर्यंत पोचली, आमच्यावरून गेली, आणि ती उतरून दिसेनाशी झाली.

“शार्दूल,” मी म्हटलं. “वर बघ.”

“एक मिनिट.”

“अरे, वर तरी बघ.”

“एकच मिनिट गं. सुटतेय आता.”

मी ताईंकडे पाहिलं. त्या एक डोळा झाकून बघत होत्या. मग दुसरा. मग दोन्ही उघडे ठेवून बघत बसल्या. मीही बघत बसले. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळात मी नवऱ्याला विसरले होते.

मग सगळं गेलं. आवाज न करता. आकाश फिकं राखी झालं, दगड पुन्हा दगड.

शार्दूलचे हात थांबले होते. बोटांची टोकं लाल झाली होती. त्याने वर पाहिलं, पश्चिमेकडे, जिथं आता काही नव्हतं.

मग त्याने चप्पल जवळ ओढली.

खालच्या कड्या बोटांत धरल्या. दाबल्या नाहीत. काच रबरावर टेकवली, सपाट, आणि फिरवली.

इतका हलका आवाज झाला की मला आधी वाटलं झालंच नाही. काळी काच चपलेवर पडून राहिली, उताणी. तिच्यावर एक ओरखडा नव्हता.



…

“काय झालं रे?” ताईंनी विचारलं.

“काच अडकली होती.”

“ते दिसलं. वर काय झालं?”

शार्दूलने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं सांगता आलं असतं. तांबं, दगड, भारा घेतलेली बाई. तोही सांगू शकला असता. असल्या संध्याकाळी त्याने कितीतरी पाहिल्या आहेत, आणि शब्द त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत. मी तोंड उघडणार होते. मग मिटलं. मला बघायचं होतं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “मी पाहिलं नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही. ही म्हणाली दोनदा, वर बघ म्हणून. मी नाही पाहिलं.”

ताईंनी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

“याआधी आले त्यांना पण विचारलं होतं मी,” त्या मग म्हणाल्या, कुणाला म्हणून नाही. “कुणी सेटिंग बदलत होतं, कुणी बॅगेत डोकं घालून बसलं होतं. विचारलं, काय झालं? सगळ्यांनी सांगितलं मला. फार सुंदर सांगितलं.”

शार्दूलचं त्याकडे लक्ष नव्हतं. त्याने काळी काच उचलून डबीत घातली. पोलरायझर डबीत घातली. लेन्सला झाकण लावलं. बॅगेची चेन ओढली. मी वाट बघत होते. आता तो उजेडाला दोष देईल, किंवा कड्या बनवणाऱ्या कंपनीला, किंवा वाटेत मला. माझे एक मामा असे आहेत. कॅरममध्ये हरले तरी बोर्ड वाकडा.

त्याने ताईंची चप्पल हातात घेतली. रबरावर काचेची गोल खूण उमटली होती. ती त्याने तळहाताने पुसली. मग ताईंसमोर येऊन वाकला आणि चप्पल सरळ करून, अंगठा आत जाईल अशी, त्यांच्या अनवाणी पायापुढं ठेवली.

“दगड टोचला असेल तुम्हाला,” तो म्हणाला. “माझ्यामुळं इतका वेळ…”

“टोचला.”

ताईंनी चप्पल घातली. आम्ही उतरायला लागलो. वाटेवर झाडं परत आली आणि अंधारून आलं. ताई पुढं, हात मागं बांधून. मध्येच थांबल्या की आम्ही थांबत होतो.

घर दिसायला लागलं तेव्हा शार्दूल म्हणाला, “सकाळच्या गाडीनं निघतो आम्ही, ताई. एवढं बघायला मिळालं…” आणि मग त्यालाच ते वाक्य कसंतरी वाटलं असावं, कारण त्याने ते अर्धंच ठेवलं.

“दिवाळी कधी यंदा?” ताईंनी मला विचारलं.

मी तारीख सांगितली.

“भाऊबीज कर आणि ये म्हणावं याला. पहाटे फार गारठा असतो वर. कानाला बांधायला काहीतरी दे बरोबर. आणि तिवई जड आहे माझी, आधीच सांगते.”

शार्दूल वाटेवर थांबला. मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही.

“ताई… पण मी तर आज…”

“हो. मी होते तिथं.”

त्याने बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. काय बोलावं ते त्याला कळत नव्हतं, आणि असं मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. बरा दिसत होता.

“काचा घरी ठेवून येतो,” तो म्हणाला. “सगळ्या. आता शपथ, एकही…”

ताई फाटकाशी पोचल्या होत्या. त्यांनी कडी काढली, फाटक ढकललं आणि मागं न वळता म्हणाल्या,

“नको. सगळ्या आण. न लावायला जवळ असाव्या लागतात.”